लाभ, दोन, तीन

धान्य मोजताना आमच्याकडं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. माझी आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, खळ्यावर रास मोजायला बसली की पदर डोक्यावर घेऊन अगोदर राशीच्या पाया पडायची आणि मग पायली भरायची. पायलीवरून हात असा फिरवायची की वर एक दाणा ऱ्हायचा नाही. अक्षरओळख तिला नव्हती. पण दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे तिला जसं पाठ होतं तसं मला आजही नाही. पायलीत चिपटी किती, म्हटलं की ती सोळा म्हणायची आणि वर विचारायची, "कोणाला द्यायचीत?" तिच्या लेखी हिशोब कोणाला तरी द्यायचा-घ्यायचा असल्याशिवाय होतच नसे.

असल्या बाईच्या पोटी जन्मून मी गणितात नापास झालो.

दहावी झालो असं मी सांगतो, पण खरं म्हणजे मी दहावीपर्यंत गेलो. १९७६ साल. बाकीचे विषय निघाले आणि गणिताखाली लाल रेघ आली. परत बसलो नाही. आमचे एक गुरुजी होते, नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, पण फळ्याकडं तोंड करून गणित सोडवायचे आणि आमच्याकडं वळले की हातात छडी असायची. त्यांच्या तासाला माझ्या पोटात कळ यायची ती कळ मला अजून आठवते. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं आम्ही ओरडून म्हणत होतो. औट म्हणजे साडेतीन. पण साडेतीन कशाचे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी बाई सांगू शकली असती. पण शाळेतलं गणित आणि खळ्यावरचं गणित ही एकाच घरातली आहेत हे कोणाच्या ध्यानात यायला पाहिजे ना.

बाईचं गणित मी एकदा पणाला लागलेलं बघितलं. ७२ चा दुष्काळ. आमचा सिन्नर तालुका तसाही पावसाच्या नावानं रडणारा. त्या वर्षी विहिरीच्या तळाला खापरं दिसायला लागली. घरातली चार जनावरं दावणीतून गेली. मिलो खायचा आणि दुष्काळी कामावर जायचं. कामावर पोरांना सुकडी मिळायची म्हणून मीपण मागं जायचो. बाया खडी फोडायच्या. खडीचं माप ब्रासवर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच ढीग म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. मजुरी मापावर. आता ब्रास काय असतो ते बाईला ठाऊक नव्हतं, पण तिनं पहिल्याच आठवड्यात एक ब्रास भरायला आपली किती घमेली लागतात ते बघून ठेवलं. दहा घमेली टाकली की एक खडा पदराच्या गाठीत. पगाराच्या दिवशी मुकादमानं आमच्या टोळीचं माप कमी लावलं. बाया कुरकुरल्या आणि गप्प बसल्या. बाई उठली, मस्टर घेऊन बसलेल्या माणसापुढं तिनं गाठ सोडली आणि खडे दहा-दहाच्या ओळीत मांडायला लागली. एक शब्द बोलली नाही. मांडत गेली. त्या माणसानं तिसरी ओळ संपायच्या आत पुस्तक मिटलं आणि ढीग परत मोजायला माणूस पाठवला. माप निघालं.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई वाघीण आहे एवढंच मला त्यातून कळलं. ते गणित होतं हे कळायला पुढं पन्नास वर्षं गेली.

मधल्या काळात मी एक पाप केलं, ते इथं लिहितो. माझा मुलगा पाचवीत असेल. १९९५ च्या आसपासची गोष्ट. मला वाटायचं, आपलं जे राहिलं ते ह्यानं करावं. रोज संध्याकाळी त्याला पाढे म्हणायला बसवायचो. एके दिवशी कांद्याचा भाव पडलेला, मी बाजारातून गाडीभाडंही न सुटता घरी आलेलो. त्याला विचारलं, "सतरा साते किती?" तो म्हणाला, "एकशे सतरा." परत विचारलं. परत एकशे सतरा. माझ्या हातात चिंचेचा फोक होता. पोटऱ्यांवर वळ उठेपर्यंत मारलं. बाई मधी पडली, तिच्या मनगटालाही एक बसला. पोरगं त्या दिवसापासून माझ्यासमोर आकडा उच्चारायचं नाही. नववीत त्यानं शाळा सोडली. आता टेम्पो चालवतो, टमाट्याचे, कांद्याचे फेरे करतो. धंद्यात हुशार आहे. पण पंचवीस वर्षं आमच्यात तो विषय निघाला नाही.

तो निघाला २०२० च्या मार्चमध्ये. सगळं बंद झालं. टेम्पो दारात उभा, टमाटे वावरात लाल होऊन गळू लागले. शाळा बंद. आमची नात, तिला आम्ही माऊ म्हणतो, नुकतीच दुसरीत होती. दिवसभर घरात बसून पोरगा चिडचिडा झालेला. तिला घेऊन बसला आकडे लिहायला. "लिही पंचवीस." तिनं लिहिलं ५२. "नीट ऐक. पंचवीस!" तिनं पुसलं, परत ५२. "त्रेसष्ट लिही." ३६. पोराचा हात वर गेला. मी ओसरीवर सुतळी वळत बसलो होतो. तो हात मी ओळखला. मी काही बोलायच्या आत गालावर पडलीसुद्धा.

पोरगी रडली नाही. पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, "आबा, मी आता शाळेत जाणारच नाही. शाळा चालू झाली तरी नाही."

रात्रभर मला झोप नाही. पोराला बोलायचं तरी कोणत्या तोंडानं?

सकाळी उठून मी तिला कडब्याच्या गंजीकडं नेलं. नुकतीच ज्वारी निघालेली. म्हटलं, "माऊ, मला कमी दिसतं, पेंढ्या मोजून दे." ती एक, दोन, तीन करत निघाली आणि चाळिसाच्या पुढं विसरली. परत सुरुवात, परत विसरली. मग तिला सांगितलं की आपल्याकडं कडबा सुटा मोजत नाहीत, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. दोन पाचुंदे म्हणजे दहा. वीस पाचुंद्यांचा शेकडा. ती पाचाच्या पाचाच्या गठ्ठ्यानं मोजायला लागली आणि विसरली तरी कुठं विसरली हे तिला दिसायला लागलं. गंजीच्या कडेला तिनं दगड ठेवले, आजी-पणजीनं न शिकवता. मी बघतच राहिलो.

मग तुराट्या घेतल्या. बोटभर लांबीचे तुकडे केले, दहाची एक जुडी सुतळीनं बांधायची. अशा नऊ जुड्या आणि नऊ सुट्या. आणि गोष्ट सांगितली. वीस हा थोरला भाऊ, पाच हा धाकटा. लग्नाला निघाले. धाकटा उतावळा, तो पुढं पळतो आणि दारातून ओरडतो, 'पंच!' मागून थोरला सावकाश येतो, 'वीस'. पण पंगतीला बसताना मान थोरल्याचा, तो डाव्या हाताला पहिला बसतो, धाकटा त्याच्या उजव्या अंगाला. तोंडानं धाकटा आधी, पाटावर थोरला आधी. पंचवीस, त्रेसष्ट, चौऱ्याऐंशी, सगळे ह्याच घरातले. माऊ हसली आणि विचारलं, "आणि अकरा?" मी म्हटलं, "ते दोघं जुळे आहेत, कसेही बसव." त्यानंतर तिचे आकडे उलटे झाले नाहीत असं नाही, पण झाले की ती स्वतःच म्हणायची, "थोरला खाली बसला वाटतं."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ साली, दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली होती. तेव्हा केवढा गदारोळ! पेपरात, टीव्हीवर, विधिमंडळातसुद्धा टिंगल झाली. पारावर बसून मीही हसलो होतो. आता काय पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याला 'नव्वद पाच वर्षांचा' म्हणायचं का, असं म्हणून टाळी घेतली होती. मंगला नारळीकर बाई त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या शांतपणे सांगत होत्या की लहान पोरांना आपले जोडाक्षरी आकडे उलटे पडतात, म्हणून हा जास्तीचा रस्ता दिलाय. माझ्या घरात पोरगी ५२ लिहीत होती आणि मी पारावर टाळ्या घेत होतो. मला अजूनही 'पंचवीस' जायला नको असं वाटतं, आपल्या भाषेतला तो दागिना आहे. पण बाईंचं दुखणं खरं होतं. पुढं तालुक्याच्या वाचनालयातून त्यांचं 'गणितगप्पा' आणून वाचलं. दहावी नापासाला कळतं असं लिहिलंय.

तर ते पाच-सहा महिने आमच्या ओसरीची शाळा झाली. ऑनलाइन तासाला घरात एकच चांगला फोन, तो पोराबरोबर टेम्पोत. वस्तीवरची आणखी चार-पाच पोरं यायला लागली. लांब-लांब बसायची, तोंडाला फडकं. मी काही मास्तर नाही. माझ्याकडं होतं ते एवढंच: चिंचोके, पायली, शेर, मापटं, बैलगाडीचं जुनं नाडं आणि रात्री लाइट गेली की गोष्टी.

पहिल्या दिवशी शेंगदाणे वाटून भागाकार शिकवायला गेलो आणि फसलो. सहा पोरांत चोवीस शेंगदाणे, प्रत्येकी किती? वस्तीवरच्या एका बारक्यानं वाटणी व्हायच्या आत सात खाल्ले. उरले सतरा. ते काही सहा जणांत बसेनात. पोरं भांडायला उठली. मग मी चिंचोक्यांवर आलो. ते कच्चे कोणी खात नाही. पण त्या भांडणात एक झालं, 'बाकी' म्हणजे काय ते सगळ्यांना जन्मभरासाठी कळलं. दोघा-दोघांना वाटून जे पाच खाली उरले आणि ज्यांच्यावरून झोंबाझोंबी झाली, ती बाकी.

मापांचा खेळ पोरांना फार आवडायचा. मापट्यानं पायली भरायची, किती वेळा? आठ. मग चिपट्यानं? आधी सांगा, मग भरा. कोणी दहा म्हणे, कोणी बारा. माऊ गप्प बसून म्हणाली, "चिपटं मापट्याच्या निम्मं ना? मग सोळा." पायली भरायच्या आत. माझ्या अंगावर काटा आला. मी वाट बघत होतो की ती आता विचारेल, कोणाला द्यायचीत म्हणून. तिनं विचारलं ते वेगळंच. "आबा, पहिल्याला लाभ का म्हणायचं? एक का नाही?" मला उत्तर आलं नाही. म्हटलं, तुझी पणजी म्हणायची. ती म्हणाली, "मग लाभ अधिक लाभ दोन होतात?" सगळी पोरं हसली आणि त्या दिवसापासून ओसरीवर बेरजा लाभानंच व्हायला लागल्या.

नाड्याची गोष्ट मात्र मला महागात पडली. गुंठा शिकवायचा म्हणून मी नाड्यावर ३३ फुटांना गाठ मारली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पोरांना वावरात नेलं, चार कोपऱ्यांना चार पोरं उभी केली, मधी बाकीची पळवली. गुंठा पायाखालून गेला की कळतो, सातबारावर वाचून नाही. माऊला मोजायची चटक लागली. बांध मोजू म्हणाली. आमच्या आणि माझ्या थोरल्या भावाच्या मधला तो बांध. त्यानं एक फूट आत कोरला म्हणून मी मोजणी आणायला निघालो होतो आणि त्यावरून आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बांधाची लांबी नाड्यानं दहा वेळा भरली, ३३० फूट. रुंदी एक फूट. ती ओसरीवर येऊन चिंचोके मांडून बसली. मग ओसरीची लांबी-रुंदी नाड्यानं घेतली. मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आबा, ते तर गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी भरतंय. आपल्या ओसरीएवढंच. एवढ्यासाठी तुम्ही थोरल्या आबांशी बोलत नाही?"

मी तिला म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये. ती गेली खेळायला. गणित शिकवायला निघालं की ते कुठं जाऊन टेकेल ह्याचा भरवसा नाही. भावाकडं मी लगेच गेलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. दिवाळीला गेलो. तोही पाच मिनिटं.

गोष्टींतली कोडी बाईकडूनच आलेली. तीन देवळं, प्रत्येक देवळापुढं एक कुंड, कुंडात फुलं बुडवली की दुप्पट होतात, तिन्ही देवांना सारखी फुलं वाहायची आणि शेवटी हातात एकही उरायला नको. किती फुलं घेऊन निघायचं आणि किती वाहायची? पोरं पुढून मोजत बसली, कोणी दहा, कोणी वीस. अंधारात दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी माऊनं मागून सुरुवात केली. शेवटच्या देवाला आठ वाहिली असं धरलं, तर कुंडात जाताना चार होती. त्याच्या आधीच्या देवाला आठ वाहून चार उरली म्हणजे बारा होती, म्हणजे कुंडाआधी सहा. त्याच्या आधी चौदा, म्हणजे सात. सात घेऊन निघायचं, आठ-आठ वाहायची. पण आठच का धरली, असं विचारलं तर म्हणाली, "निम्मं, परत निम्मं, परत निम्मं होणारा आकडा पायजे ना. चिपट्या-मापट्यासारखा."

वर्षभरानं, ती चौथीत गेली तेव्हा, मी पेपराच्या पुरवणीत दत्तात्रेय कापरेकरांविषयी वाचलं. आमच्याच जिल्ह्यात देवळालीला शाळामास्तर होते ते. आकड्यांशी खेळता-खेळता त्यांनी एक गंमत शोधली ती जगभर गेली. चार अंकी कोणताही आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडं मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडं मांडा, वजा करा. आलेल्या उत्तराचं परत तेच करा. फिरून-फिरून तुम्ही ६१७४ वर येता आणि मग तिथून हलत नाही. माऊनं तिचं जन्मसाल घेतलं, २०१२. पहिली वजाबाकी २०८८, दुसरी ८५३२, तिसरी ६१७४. तीनच फेऱ्यांत. नाचायला लागली. म्हणाली, "आबा, तुम्ही पण घ्या एखादं साल."

मी १९७२ घेतलं. का घेतलं ते सांगता येत नाही, तोंडात आलं. ९७२१ वजा १२७९, आले ८४४२. मग ५९९४. मग ५३५५. मग १९९८. मला वाटलं, माझं चुकतंय. आपलं गणित चुकायचंच. पाटी ठेवायला लागलो. ती म्हणाली, "थांबा आबा, चुकलं नाही, लांबून येतंय." मग ८०८२. मग ८५३२. आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुरवणीत लिहिलं होतं की सातापेक्षा जास्त फेऱ्या कोणत्याच आकड्याला लागत नाहीत. दुष्काळाच्या सालाला सगळ्या सात लागल्या.

शाळा नीट चालू झाल्यावर गावच्या जिल्हा परिषद शाळेत बाल आनंद मेळावा भरला. पोरांनी बाजार मांडायचा, गावानं विकत घ्यायचं. माऊनं मेथीच्या जुड्या आणल्या होत्या. शेवटच्या सहा जुड्या राहिल्या तेव्हा तिनं भाव उतरवला आणि एका म्हातारीला तीनवर एक फुकट दिली. बाईंनी विचारलं, तोटा नाही का होत? ती म्हणाली, "उद्या ही शेळीला घालावी लागेल, त्यापेक्षा होत नाही." नफा किती झाला ते तिनं बरोबर सांगितलं, फक्त जागेवर खाल्लेली भेळ खर्चात धरली नाही.

त्या रात्री पोरगा फेरा करून उशिरा आला. जेवायला बसला. लाइट नव्हती, चिमणी लावलेली. माऊ त्याच्यापुढं जाऊन बसली आणि मी तिला मागं शिकवलेलं कोडं त्याला घातलं. आभाळातून बगळ्यांचा थवा चाललाय. खालून एक बगळा म्हणतो, शंभर बगळ्यांनो, रामराम. वरचे म्हणतात, आम्ही शंभर नाही रे. आम्ही, आमच्याएवढे आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव आणि तू एक, असे मिळून शंभर होतील. तर वर किती?

"मला नाही येत असलं," पोरगा म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"चिंचोके देऊ?" तिनं विचारलं.

तो जेवत राहिला. मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं, कारण मी बघत असलो तर तो बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला. "चाराच्या पाढ्यात येणारा आकडा लागंल. नाहीतर पाव बगळा तुटंल." मग परत बराच वेळ काही नाही. नुसतं ताटात बोटानं रेघा ओढल्याचा आवाज. "तीस क्रेट धर... नाय, तीसला पाव पडत नाय. बत्तीस धर. बत्तीस, बत्तीस, सोळा, आठ... अठ्ठ्याऐंशी. कमी पडतंय."

"पुढचा घ्या मग," माऊ म्हणाली.

"छत्तीस. छत्तीस, छत्तीस, अठरा, नऊ." तो थांबला. "आणि खालचा एक."

मी भिंतीकडं तोंड करूनच पडलो होतो. तिनं टाळी वाजवली आणि विचारलं, "पप्पा, तुम्हाला कोणी शिकवलं?"

तो म्हणाला, "आजीनं. खळ्यावर." आणि मग, जरा वेळानं, "हात धुवायला पाणी आण."